किडनीसाठी कोणाला विचारावे, आणि कसे?

वाचकाचे पत्र: माझे यजमान ४२ वर्षांचे असून गेल्या वर्षभरापासून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेत आहेत. त्यांचा रक्तगट ओ आणि माझा बी असल्यामुळे ‘तुमची किडनी चालणार नाही’ असे मला पहिल्याच भेटीत सांगण्यात आले. सासरे हयात नाहीत, सासूबाईंना मधुमेह आहे. धाकटे दीर टपाल खात्यात नोकरीस आहेत, त्यांचा रक्तगट ओ आहे. पण त्यांची मुले लहान आहेत आणि जाऊबाई हा विषयच काढू देत नाहीत. नणंद २६ वर्षांची आहे, तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे, आणि आता घरातले सगळे ‘बहीणच भावाला देईल’ असे बोलू लागले आहेत. यजमानांचे निपाणीचे मामेभाऊ रुग्णालयात भेटायला आले तेव्हा ‘मी आहे ना, काळजी करू नका’ असे म्हणाले होते. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. यजमान मला कोणाकडेही शब्द टाकू देत नाहीत. डायलिसिसच्या ठिकाणी भेटलेल्या एका माणसाने पैसे दिल्यास दाता आणि कागदपत्रे या दोन्हींची व्यवस्था करून देतो, असे सांगितले आहे. फेसबुकवर आवाहन करावे असे माझ्या भावाचे मत आहे. मी कोणाला विचारू, आणि कसे विचारू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कोणाला विचारावे हे सांगण्याआधी कसे विचारावे याबद्दल लिहितो, कारण तुमच्या घरातला बराचसा ताण त्यातूनच आलेला दिसतो. माझे मत असे आहे की तुम्ही एकेका माणसाला गाठून किडनी मागू नये. तुम्ही परिस्थिती सांगावी, ती सगळ्यांना सारख्याच शब्दांत आणि पूर्ण सांगावी, आणि ज्याला पुढे यायचे असेल त्याला तुमच्याऐवजी रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकाशी बोलता येईल अशी सोय करावी. समोर बसून विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडे ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. मग माणसे ‘बघू’ म्हणतात, फोन उचलत नाहीत, किंवा नको असताना ‘हो’ म्हणून तपासण्यांच्या मध्यावर थांबतात, आणि यांतला शेवटचा प्रकार रुग्णाला सर्वांत महागात पडतो, कारण त्यात काही महिने वाया जातात.

त्यासाठी एक छोटा मजकूर तयार करा आणि तो नात्यातल्या व जवळच्या मित्रमंडळींतल्या सर्व प्रौढांना एकाच दिवशी पाठवा. मजकूर साधारण असा असावा: ‘नमस्कार. यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून वर्षभरापासून आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, त्यांचे डायलिसिस चालू आहे. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा सल्ला दिला आहे. ओ रक्तगटाच्या निरोगी प्रौढ व्यक्तीची किडनी त्यांना चालू शकते, आणि रक्तगट वेगळा असला तरी काही मार्ग आहेत. याविषयी कोणाला माहिती हवी असेल तर रुग्णालयातील समन्वयकांचा क्रमांक खाली दिला आहे. त्यांच्याशी झालेले बोलणे आमच्यापर्यंत येणार नाही. आम्ही कोणाकडूनही उत्तराची अपेक्षा ठेवलेली नाही, आणि कोणी काही बोलले नाही म्हणून आमच्या मनात काहीही राहणार नाही.’ शेवटची दोन वाक्ये नुसत्या सौजन्याची समजून गाळू नका, कारण सारा मजकूर त्यांच्यावरच उभा आहे. अर्थात ती लिहिल्यावर पाळावीही लागतात: पुढच्या लग्नकार्यात एखाद्याकडे पाहून ‘मेसेज पोचला होता ना?’ असे विचारले तर लिहिलेले सगळे फुकट गेले. समन्वयकांशी आधी बोलून त्यांचा क्रमांक देण्याची परवानगी मात्र अवश्य घ्या.

हा मजकूर तुमच्या नावाने जाण्याऐवजी यजमानांच्या एखाद्या जुन्या मित्राच्या किंवा तुमच्या भावाच्या नावाने गेला तर अधिक बरे. भावाला काहीतरी करायचे आहे हे फेसबुकच्या सूचनेवरून दिसतेच. त्यांच्यावर हे काम सोपवा. त्यामुळे यजमानांची अडचणही बरीचशी सुटेल. ते विषय काढू देत नाहीत यात मला हट्टापेक्षा संकोच अधिक दिसतो. धाकट्या भावाच्या किंवा बहिणीच्या अंगावर आपल्यासाठी सुरी चालावी, ही कल्पना मोठ्या भावाला सहन होत नाही. त्यांना स्वतः कोणाशी बोलावे लागणार नाही, कोणावर जबरदस्ती होणार नाही आणि त्यांची परवानगी फक्त खरी माहिती देण्यापुरती हवी आहे, असे सांगून पाहा. त्यांच्या नकळत मात्र काहीही पाठवू नका.

आता कायदा कोणाला काय म्हणतो ते पाहू. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि त्यातील २०११ ची दुरुस्ती यांनुसार आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, पती किंवा पत्नी, तसेच आजी, आजोबा आणि नातवंडे यांना ‘जवळचे नातेवाईक’ मानले जाते. दाता १८ वर्षे पूर्ण झालेला असला पाहिजे आणि त्याची संमती त्याच्या स्वतःच्या इच्छेने दिलेली असली पाहिजे. म्हणजे तुम्ही, सासूबाई, दीर आणि नणंद या यादीत येता. निपाणीचे मामेभाऊ येत नाहीत, तुमचा भाऊही येत नाही. यादीबाहेरच्या व्यक्तीलाही प्रेमापोटी किंवा जिव्हाळ्यापोटी किडनी देता येते, परंतु त्यासाठी प्राधिकार समितीची परवानगी घ्यावी लागते. त्याविषयी पुढे लिहितो.

सासूबाईंचा विचार मधुमेहामुळे बाजूला ठेवावा लागेल. बहुतेक आयांप्रमाणे त्या ‘माझी घ्या’ म्हणत असतील, तर डॉक्टरांनीच त्यांना समोर बसवून का घेता येत नाही ते समजावून सांगावे. घरच्यांनी सांगितलेले त्यांना पटणार नाही.

दिरांविषयी. कागदावर ते सर्वांत योग्य दिसतात: रक्तगट तोच, नाते सख्खे. सख्ख्या भावंडांत एचएलए ही ऊतींची जुळणी पूर्ण असण्याची शक्यता चारात एक, अर्धी असण्याची दोन आणि मुळीच नसण्याची एक असते. आजच्या औषधांमुळे अर्धी किंवा त्याहून कमी जुळणीही चालते, अन्यथा पती-पत्नींमधली प्रत्यारोपणे यशस्वी झाली नसती. परंतु हे सारे ज्यांच्या संसारावर बेतणार आहे त्या जाऊबाईंशी आजवर कोणी नीट बोलले आहे का, अशी मला शंका आहे. ‘बोलूच देत नाहीत’ असे तुम्ही लिहिता. कोण बोलायला गेले होते? सासूबाई गेल्या असतील तर सुनेला त्या बोलण्यात विनंतीपेक्षा हुकूमच ऐकू आला असणार. तुम्ही गेला असाल तर एका जावेचा नवरा वाचवण्यासाठी दुसऱ्या जावेने आपला पणाला लावावा, असा हिशेब तिच्या मनात उभा राहिला असेल, आणि तो हिशेब वेडगळ आहे असे मी म्हणणार नाही.

जाऊबाईंना जे प्रश्न पडले असतील त्यांची उत्तरे उपलब्ध आहेत आणि ती गोडगुलाबी करून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत ८० हजारांहून अधिक जिवंत दात्यांच्या नोंदी तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण दर दहा हजारांत सुमारे तीन आढळले. धोका लहान आहे, पण तो शून्य नाही. २०१४ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासानुसार पंधरा वर्षांत दात्याची स्वतःची किडनी निकामी होण्याचे प्रमाण दर दहा हजारांत सुमारे ३१ होते, आणि किडनी न दिलेल्या तितक्याच निरोगी माणसांत ते सुमारे चार होते. म्हणजे किडनी दिल्याने धोका वाढतो हे खरे, आणि वाढूनही तो हजारात सुमारे तिघांपुरता राहतो हेही खरे. शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होते, दाता साधारण तीन ते पाच दिवसांत घरी जातो, आणि पूर्ववत कामाला लागायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ जड वजन उचलायचे नसते. उरलेली किडनी हळूहळू अधिक काम करू लागते आणि दोन्ही मिळून पूर्वी होत असलेल्या कामापैकी सुमारे सत्तर टक्के काम एकटी सांभाळते. त्यानंतर दात्याने वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासत राहायचे असते, आणि मनाने वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय असेल तर ती सोडायची असते. १९५४ साली बोस्टनमध्ये जगातले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले, तेव्हा आपल्या जुळ्या भावाला किडनी देणारे रोनाल्ड हेरिक त्यानंतर ५६ वर्षे जगले. एका माणसावरून नियम ठरत नाही. पण ‘एका किडनीवर माणूस किती दिवस काढणार’ असे कोणी म्हणाले तर हे सांगायला हरकत नाही.

ही माहिती तुम्ही सांगू नका. जाऊबाई आणि दीर या दोघांनीच, तुमच्यापैकी कोणीही सोबत नसताना, मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना भेटावे, आणि त्या भेटीचा अर्थ ‘हो’ असा घेतला जाणार नाही हे त्यांना आधीच कळावे. दीर टपाल खात्याचे नियमित कर्मचारी असतील तर अवयवदानासाठी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना २०२३ पासून ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते, हेही त्यांना त्या वेळी समजले तर बरे. पगाराची चिंता घरात उघडपणे कोणी बोलत नाही, पण ती असते. एवढे करूनही त्यांचे उत्तर नकाराचेच आले तर ते तिथे संपवा.

शिवाय एक वैद्यकीय मुद्दा आहे. यजमानांच्या किडन्या कशामुळे निकामी झाल्या ते तुमच्या पत्रात नाही. मूळ आजार आनुवंशिक असेल, उदाहरणार्थ किडनीत गाठी होण्याचा पॉलिसिस्टिक आजार, तर सख्ख्या भावंडांची त्या दृष्टीने आधी तपासणी व्हावी लागते, आणि क्वचित ज्याच्याकडे सगळे दाता म्हणून पाहत असतात तोच पुढचा रुग्ण निघतो. कारण ठाऊक नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारा.

नणंदेविषयी माझे मत तुम्हाला कठोर वाटेल. ‘बहीणच भावाला देईल’ हे वाक्य घरात पुन्हा उच्चारले जाऊ नये, आणि ते थांबवण्याचे काम तुमचे आहे, कारण त्याचा लाभ तुमच्या नवऱ्याला होणार असल्यामुळे तुम्ही थांबवले तरच ते थांबेल. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया अधिक आणि किडनी मिळणाऱ्यांमध्ये पुरुष अधिक, ही गोष्ट या क्षेत्रातले सगळेच जाणतात, आणि त्यात माया किती व घरातले स्थान किती हे वेगळे काढणे अवघड असते. कायद्याच्या नियमांनीही हे ओळखले आहे: दाता स्त्री असेल तर अधिक खबरदारी घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती यांची खातरजमा रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करावी, अशी तरतूद त्यांत आहे. वैद्यकीय बाजूही विचारात घ्यावी लागते. कॅनडातील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किडनी दिलेल्या स्त्रियांच्या सुमारे ११ टक्के गरोदरपणांत रक्तदाबाची गुंतागुंत आढळली, तर न दिलेल्या निरोगी स्त्रियांत हे प्रमाण सुमारे पाच टक्के होते. बहुतेकींची बाळंतपणे सुखरूप झाली, हेही त्याच अभ्यासात आहे. तरीही ज्या मुलीचे लग्न आणि मुलेबाळे अजून व्हायची आहेत तिला दाता म्हणून घेताना अनेक डॉक्टर कचरतात, ते उगाच नव्हे.

ती स्वतःहून, कोणाच्या सांगण्यावाचून, समन्वयकांकडे गेली तर तिला अडवण्याचा अधिकारही तुम्हाला नाही. ती सज्ञान आहे. (स्थळाकडच्यांना काय वाटेल, हा प्रश्न तेव्हा निघेलच, आणि तो तिच्या किडनीपेक्षा मोठा आहे असे मानणारी मंडळीही भेटतील.) तिला एक गोष्ट मात्र कोणीतरी एकांतात सांगायला हवी. दात्याने कोणत्याही टप्प्यावर, अगदी शस्त्रक्रियागृहात नेईपर्यंत, माघार घेतली तरी चालते, आणि तिने डॉक्टरांना तसे सांगितल्यास ते कुटुंबाला फक्त ‘ही व्यक्ती दाता म्हणून योग्य नाही’ एवढेच कळवू शकतात. ही सोय दिरांनाही आहे. मानसोपचारतज्ज्ञांची मुलाखत दात्याच्या तपासण्यांत असते ती केवळ औपचारिकता म्हणून नसते. दाता तिथे एकटा असतो आणि मनातले बोलू शकतो.

मामेभावांनी रुग्णालयात काढलेले उद्गार तुम्ही वचन म्हणून धरून ठेवले आहेत असे वाटते. रुग्णाच्या खाटेशेजारी उभा राहिलेला माणूस ‘मी आहे ना’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा धावपळ, रक्त, थोडेफार पैसे असे काही असते. त्यांना त्या वाक्याची आठवण करून देऊ नका. सगळ्यांना जाणारा मजकूर त्यांनाही जाऊ द्या. ते खरोखर पुढे आले तर पुढचा मार्ग लांब आहे, पण बंद नाही. रुग्ण आणि दाता यांना मिळून प्राधिकार समितीकडे अर्ज करावा लागतो. वर्षाला २५ किंवा अधिक प्रत्यारोपणे करणाऱ्या रुग्णालयांची स्वतःची समिती असते, इतरांची प्रकरणे जिल्हा किंवा राज्य पातळीवरील समितीकडे जातात. समितीला दोन गोष्टींची खात्री करून घ्यायची असते: या व्यवहारात पैसा आणि मध्यस्थ नाही, आणि दोघांमध्ये खरोखर जिव्हाळ्याचे नाते आहे. त्यासाठी नाते दाखवणारी कागदपत्रे, दोघे एकत्र असलेली जुनी छायाचित्रे, आणि दोघांच्याही मागील तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागितले जातात. दात्याच्या घरच्या माणसाला बोलावून त्याला या निर्णयाची कल्पना आहे का हे विचारले जाते. मुलाखतीचे चित्रीकरण होते. जवळचे नातेवाईक का देऊ शकत नाहीत हेही समितीला जाणून घ्यायचे असते, म्हणून सासूबाईंच्या, दिरांच्या आणि तुमच्या तपासण्यांची कागदपत्रे जपून ठेवा.

निपाणी कर्नाटकात असल्यामुळे तुमच्या बाबतीत एक पायरी वाढते. दाता जवळचा नातेवाईक नसेल आणि प्रत्यारोपण ज्या राज्यात व्हायचे त्याहून वेगळ्या राज्यात तो राहत असेल, तर त्याच्या रहिवासाची पडताळणी तेथील तहसीलदाराकडून किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून करून आणावी लागते. सीमाभागातल्या माणसाला ‘पलीकडचा’ ठरवणारे कागद पाहून चीड येईल, पण ही तरतूद अवयवांच्या बाजारामुळे आली आहे. म्हणून लग्नाचे, वास्तुशांतीचे, गावच्या जत्रेचे जे काही जुने फोटो असतील ते आजच शोधून ठेवायला हरकत नाही. अर्ज नाकारला गेला तर समितीला कारणे लेखी द्यावी लागतात आणि ३० दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येईल: मामेभावांचा दुकानधंदा असेल आणि दीड-दोन महिने तो बंद राहिला, तर त्यांना काही द्यावे का? कायद्याने अवयवाच्या बदल्यात मोबदला देण्यास मनाई केली आहे. मात्र दानामुळे दात्याला थेट करावा लागलेला वाजवी खर्च आणि बुडालेली कमाई भरून देणे हे त्या मोबदल्यात धरलेले नाही. तपासण्या, औषधे, प्रवास, राहण्याचा खर्च आणि बुडालेले उत्पन्न तुम्ही देऊ शकता. ते पावत्यांसह, लेखी हिशेब ठेवून द्या आणि समितीपुढे स्वतःहून सांगा. ‘नंतर बघून घेऊ’ किंवा ‘मुलीच्या शिक्षणाचे आम्ही पाहू’ अशी भाषा चुकूनही नको.

आता तुम्ही स्वतः. बी गटाची किडनी ओ गटाच्या रुग्णाला थेट बसवता येत नाही हे बरोबर, परंतु तेवढ्यावरून तुम्हाला यादीतून काढून टाकणे घाईचे झाले. दोन मार्ग आहेत. पहिला अदलाबदलीचा, ज्याला रुग्णालयात स्वॅप म्हणतात: ज्या दोन कुटुंबांत दाता तयार आहे पण स्वतःच्या माणसाला चालत नाही, त्यांनी एकमेकांच्या रुग्णाला किडनी द्यायची. २०११ च्या दुरुस्तीने याला परवानगी दिली असून दोन्हीकडचे दाते जवळचे नातेवाईक असावे लागतात आणि प्राधिकार समितीची संमती लागते. अशा जोड्यांची नोंद ठेवण्याचे काम मुंबईत अपेक्स किडनी फाउंडेशनने सुरू केले, आणि तुमच्या रुग्णालयाकडूनही त्याविषयी कळू शकेल. मात्र खोटी आशा नको म्हणून सांगतो: ओ गटाच्या रुग्णाला अदलाबदलीत जोडी मिळणे सर्वांत कठीण असते. ओ गटाचा दाता रक्तगटाने सर्वांना चालतो, त्यामुळे तो सहसा स्वतःच्याच माणसाला थेट देऊन मोकळा होतो आणि अदलाबदलीच्या यादीत येतच नाही. क्रॉसमॅच (रुग्णाचे रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करते का याची चाचणी) जुळत नाही म्हणून जो ओ दाता अडला असेल, आणि ज्याच्या रुग्णाला तुमची बी गटाची किडनी चालेल, अशी जोडी तुम्हाला हवी आहे. नाव नोंदवा, पण त्यावरच विसंबून बसू नका.

दुसरा मार्ग रक्तगट न जुळताही करण्याच्या प्रत्यारोपणाचा. यात शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या रक्तातील बी गटाविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारे घटक, औषधांनी आणि रक्तद्रव गाळण्याच्या प्रक्रियेने कमी केली जातात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या केंद्रांत हे होते, त्याचे परिणामही आता चांगले आहेत, परंतु खर्च काही लाखांनी वाढतो आणि सुरुवातीच्या काळात जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. यजमानांच्या रक्तात ही प्रतिपिंडे किती आहेत हे एका साध्या रक्तचाचणीने कळते, त्या प्रमाणाला टायटर म्हणतात. ते प्रमाण कमी निघाले तर हा मार्ग बराच सोपा होतो. पुढच्या भेटीत तुम्ही नेमके एवढे विचारा: ‘बी गटाविरुद्धचा टायटर तपासता येईल का, आणि दाता म्हणून माझ्या प्राथमिक तपासण्या सुरू करता येतील का?’ ते रुग्णालय हे प्रत्यारोपण करत नसेल तर दुसऱ्या केंद्राचे मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. मला वाटते, दिरांच्या आणि नणंदेच्या मागे लागण्याआधी हा दरवाजा ठोठावणे योग्य, कारण इथे दाता स्वेच्छेने तयार आहे याविषयी कोणालाच शंका नाही. तुम्हीही हे लक्षात घ्या की ऑपरेशननंतर काही आठवडे घरात एकाच वेळी दोन रुग्ण असतील. तेव्हा घर कोण पाहणार हे आधी ठरवावे लागेल. जाऊबाईंना मदतीसाठी विचारायचेच असेल तर कदाचित हे विचारता येईल.

फेसबुकबद्दल थोडक्यात. अमेरिकेत लोक गाडीच्या काचेवर ‘किडनी हवी’ असे लिहून फिरतात आणि अनोळखी माणसे दाते म्हणून पुढे येतात. तिथली व्यवस्था ते स्वीकारते. आपल्याकडे अनोळखी व्यक्तीला समितीपुढे जिव्हाळ्याचा पुरावा देता येत नाही, त्यामुळे असा दाता मिळाला तरी परवानगीपाशी गाडी अडते. जाहीर आवाहनाला प्रतिसाद येतो तो बहुतांशी दलालांचा आणि रुग्णालयाच्या नावाने खोटी पाने चालवून आगाऊ ‘नोंदणी शुल्क’ उकळणाऱ्यांचा. आवाहन ओळखीच्या वर्तुळातच ठेवा.

डायलिसिसच्या ठिकाणी भेटलेल्या माणसाशी पुन्हा बोलू नका. तो जे सुचवतो आहे तो गुन्हा आहे. अवयवाच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षे तुरुंगवास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि ती विकणारा, विकत घेणारा व जुळवणारा या सर्वांना लागू होते. मुंबईत २०१६ साली आणि पुण्यात २०२२ साली उघडकीस आलेल्या प्रकरणांत परक्या स्त्रीला रुग्णाची पत्नी म्हणून कागदोपत्री उभे करण्यात आले होते, आणि दोन्ही वेळा रुग्णांवरही गुन्हे दाखल झाले. तुम्ही त्याच्या जाळ्यात गेलात तर पत्नी म्हणून तुमच्याच जागी दुसरी कोणी उभी राहील, याचा विचार करा. शिवाय अशा दात्याच्या तपासण्या किती खऱ्या आहेत हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तो माणूस त्या केंद्रात राजरोस फिरत असेल तर केंद्राच्या प्रमुख डॉक्टरांना लेखी कळवा. तिथे तुमच्यापेक्षाही हवालदिल झालेली कुटुंबे बसलेली असतील.

हे सगळे चालू असताना तीन कामे थांबू नयेत. मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या किडनीसाठी यजमानांचे नाव प्रतीक्षा यादीत आहे का? तुमचा जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतो आणि नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत होते. तुम्ही साध्या डायलिसिस केंद्रात जात असाल तर ती आपोआप झालेली नसते. यादीत नाव असले तरी जिवंत दाता शोधता येतो, आणि यादीत ओ गटाच्या रुग्णांची वाट मोठी असते म्हणून उशीर नको. दुसरे, हिमोग्लोबिन कमी झाल्यावर रक्त चढवण्याची वेळ आली तर पर्याय आहे का हे डॉक्टरांना विचारा, कारण बाहेरचे रक्त घेतल्याने शरीरात परक्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि पुढे जुळणारा दाता मिळणे अवघड होते. हिपॅटायटिस बी ची लसही पूर्ण झाली आहे का ते पाहा. तिसरे खर्चाचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ साली अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयात या योजनेसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्रांना भेटा, आणि ते रुग्णालय प्रत्यारोपणासाठी योजनेत आहे ना, हे पक्के करून घ्या. प्रत्यारोपणानंतरची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, तेव्हा त्यांचा दरमहा खर्चही त्याच वेळी विचारून लिहून घ्या.

टायटरचा अहवाल आला की तो आणि यजमानांच्या मूळ आजाराचे निदान मला कळवा. त्यावरून अदलाबदलीसाठी थांबावे की तुमचीच किडनी घेण्याच्या दिशेने जावे, याविषयी डॉक्टरांना पुढे काय विचारायचे ते अधिक नेमकेपणाने लिहिता येईल.